लेकराच्या कुल्ल्यावर सुई टोचू देऊ नका

इस्लापूर, शिवणी, जलधारा, बोधडी, अप्पारावपेठ आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या मायबापहो, हे दिवस तापाचे आहेत. पैनगंगा भरून वाहते आहे, सहस्रकुंडाला धबधबा बघायला गर्दी होते आहे, आणि घरोघरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे. आज ना उद्या तुमचंही लेकरू रात्रभर फणफणेल. सकाळी त्याला कडेवर घेऊन तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसाल. नंबर आला की तुमच्या तोंडून आपसूक निघेल, "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा, म्हणजे लवकर उतरेल."

असं म्हणू नका. आजपासून म्हणू नका. आणि तुम्ही न मागताच कुणी लेकराची चड्डी खाली करून कुल्ल्यावर सुई टोचायला निघालं, तर त्याचा हात थांबवा. विचारा. तुम्ही आई आहात, बाप आहात, आजी आहात. तुम्हाला विचारायचा हक्क आहे.

गाव कोणतंही असो, घात साधारण एकाच रीतीनं होतो. दोन-तीन वर्षांचं मूल. साधा ताप. आईच्या खांद्यावर पालथं धरलेलं, हातपाय झाडणारं. टोचणारा घाईत. सुई आत जाते आणि मूल नेहमीपेक्षा वेगळंच किंचाळतं. आईला वाटतं, सुई आहे, रडणारच. ताप उतरतो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. मूल उभं राहतं, आणि एक पाय फरपटत येतो. पंजा वर उचलत नाही. चप्पल पायात राहत नाही. मग कुणी म्हणतं ताप पायात उतरला, कुणी म्हणतं वारं गेलं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. तेल लावतात, शेकतात, अंगारा लावतात. महिने निघून जातात. ताप येऊन गेल्याचं सगळ्यांना आठवतं, सुई कुणालाच आठवत नाही.

हे टाळता येतं. त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. कुल्ल्यात काय आहे एवढं एकदा समजून घ्या. आणि ते पुस्तकात बघू नका, स्वतःच्या अंगावर बघा.

उठून उभे राहा. दोन्ही तळवे मागे कुल्ल्यांवर ठेवा. आता उकिडवे बसा आणि उठा. उठताना हाताखाली मांसाचा जो गोळा आवळून घट्ट होतो, तो माणसाच्या शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. डॉक्टर त्याला ग्लुटिअस मॅक्सिमस म्हणतात. कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूपासून आणि थेट माकडहाडापासून तो निघतो, तिरका खाली-बाहेर येतो आणि मांडीच्या हाडाला आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या चिवट पट्ट्याला जाऊन धरतो. वाकलेला खुबा सरळ करणं हे त्याचं मुख्य काम. सपाट वाटेवर सावकाश चालताना तो फारसा राबत नाही. पण चढ लागला, पायऱ्या आल्या, पळायची वेळ आली, भरलेली घागर घेऊन उठायचं झालं, की सगळा भार त्याच्यावर. निंदणीला दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकणारी बाई संध्याकाळी जिच्या जोरावर उठते, ती ताकद इथली आहे. माणसासारखे भरीव कुल्ले कुठल्याच वानराला नाहीत. दोन पायांवर ताठ उभं राहायचं बळ आपल्याला ज्यांनी दिलं, त्यातला हा एक. तरीही कुल्ल्याचं नाव काढलं की आपण हसतो किंवा लाजतो, आणि सुई टोचायला मात्र तीच जागा पुढे करतो!

आता एका पायावर उभे राहा. टेकलेल्या पायाच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या थोडं खाली, बाहेरच्या अंगाला बोटं दाबा. तिथंही काहीतरी घट्ट झालेलं लागेल. तो ग्लुटिअस मीडिअस, आणि त्याच्या खाली दडलेला सगळ्यात लहान भाऊ मिनिमस. चालताना दर पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. त्या क्षणी उचललेल्या पायाकडची कंबर खाली कलंडायला बघते. टेकलेल्या पायाकडचे हे दोन भाऊ तिला धरून ठेवतात. ते दुबळे झाले की माणूस एका बाजूचं ओझं सांडलेली कावड घेऊन चालावं तसा दर पावलाला डुलतो. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे नीट मांडून दाखवलं. तुम्ही आता एका पायावर उभे राहिलात, तीच तपासणी आजही त्यांच्या नावानं केली जाते.

या मोठ्या स्नायूच्या आड, बाहेरून काही दिसत नाही अशा जागी, सायटिक नस आहे. शरीरातली सगळ्यात जाड नस. मोठ्या माणसात ती अंगठ्याएवढी रुंद असते. कमरेच्या आणि माकडहाडाच्या वरच्या मणक्यांतून निघालेल्या नसा एकत्र येऊन ती बनते, पिरिफॉर्मिस नावाच्या छोट्या स्नायूच्या खालून कुल्ल्यात उतरते, आणि बसताना टेकतं ते हाड व खुब्याचं बाहेर लागणारं टोक या दोहोंच्या साधारण मधून मांडीत जाते. गुडघ्याखालचा जवळजवळ सगळा पाय तिच्यावर चालतो. पंजा वर उचलणं, टाच उचलणं, तळव्याला खडा टोचलेला कळणं, सगळं तीच करते. तिच्यात दोन पदर असतात. त्यातला पंजा उचलणारा पदर बाहेरच्या बाजूला असतो, आणि सुईच्या तडाख्यात बहुतेक वेळा तोच सापडतो. म्हणून सुईनं अधू झालेल्या मुलाचा पंजा खाली लोंबतो.

आता तुमच्या लेकराच्या कुल्ल्याकडे बघा. गुबगुबीत दिसतो ना? ती बरीचशी चरबी आहे. खालचा स्नायू अजून भरलेला नाही. मूल चालू-पळू लागतं तसा तो भरत जातो. एवढ्याशा जागेत तीच मोठी नस आहे, आणि वर तिला झाकायला मांस थोडं. त्यात लेकरू तडफडतंय, कुशी बदलतंय. सुई नेमकी कुठे पडेल हे कुणी सांगावं? नसेत घुसलीच पाहिजे असंही नाही. नसेच्या शेजारी पडली तरी औषध झिरपत तिच्यापर्यंत जातं आणि तिला जाळतं. अशा वेळी लुळेपणा लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसतो. सुई टोचणारा तोवर पुढच्या गावाला गेलेला असतो.

म्हणून सांगतो, लेकराला सुई द्यावीच लागली तर मांडीवर घ्या. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या अंगाला, मधोमध. तिथे जाड स्नायू आहे, मोठी नस नाही, आणि आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाचा पायही नीट धरता येतो.

तुम्हाला वाटेल, हे शहरी शहाणपण झालं. मग आपल्या अंगणवाडीतच बघा. सिस्टर येतात, आशाताई मुलांना गोळा करतात. जन्मल्यावर दिलेली सुई आठवा, दीड महिन्याची आठवा, अडीच आणि साडेतीन महिन्यांची आठवा, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची आठवा. काही दंडात दिल्या, काही मांडीत दिल्या. कुल्ल्यावर एक तरी दिली का? सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात कुल्ल्यावर टोचायची एकही लस नाही. कुत्रा चावल्यावरची रेबीजची लससुद्धा दंडात देतात, लहान मुलांना मांडीत देतात. कुल्ल्यावर कधीच नाही, कारण तिथे ती नीट लागू पडत नाही. देशातल्या कोट्यवधी मुलांच्या बाबतीत सरकार जी काळजी घेतं, ती आपण ताप आलेल्या एका मुलाच्या बाबतीत का सोडून देतो?

कारण आपला गोळीवर भरवसा नाही. खरं सांगा, गोळी दिली तर "नुसत्या गोळ्याच दिल्या" म्हणून तुम्ही तोंड वाकडं करता की नाही? शंभर रुपये दिले, सुई नाही, सलाईन नाही, मग दवाखाना कसला? डॉक्टरलाही हे ठाऊक असतं. सुई न देणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो. डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या जाणत्या डॉक्टरांनी महाराष्ट्रात किती औषधं आणि इंजेक्शनं विनाकारण दिली जातात हे पुनःपुन्हा दाखवून दिलं. साताऱ्यात त्यावर अभ्यास झाला, पुस्तकं आली. मागणी मात्र कमी झाली नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी देशभरची पाहणी झाली, तेव्हा भारतात वर्षाला ३०० कोटींच्या आसपास सुया टोचल्या जातात आणि त्यातल्या ६० टक्क्यांहून अधिक असुरक्षित असतात असं निघालं. या ३०० कोटींत तुमची-आमची मागणीही मोजलेली आहे.

गोळीत ताकद नसते म्हणणाऱ्याला विंचवाची गोष्ट सांगा. आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडला गेले. तिथे लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं आणि पोरं हृदय बंद पडून मरत होती. बावस्करांनी प्राझोसिन नावाची, रक्तदाबाची म्हणून बाजारात असलेली, साधी तोंडानं घ्यायची गोळी वापरून बघितली. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभरातले तीस-चाळीस जण दगावायचे, तिथे हाताच्या बोटावर मोजण्याइतकेच दगावू लागले. जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांनी ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाचा जीवघेणा दंश गोळीनं आवरतो, आणि तुमच्या पोराच्या सर्दी-तापाला सुईच हवी?

साधा ताप काही दिवसांत आपला आपण जातो. सुई टोचली नाही तरी जातो. पॅरासिटामोलचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून पाजलं तर अर्ध्या-पाऊण तासात अंग निवायला लागतं. सुईनंही तेवढंच होतं. काही ठिकाणी सुईत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळून देतात. त्यानं माणूस तासाभरात ताजातवाना वाटतो, डॉक्टरचं नाव होतं, आणि आतला आजार झाकला जातो. "ताकदीची" म्हणून टोचून घेता ती लाल सुई म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते ज्याला खरंच कमी आहे त्याला उपयोगी. तापात ताकद यायला तिचा काही उपयोग नाही.

आणि हे दिवस डेंग्यूचेही आहेत, हे विसरू नका. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. अशा वेळी स्नायूत सुई खुपसली तर आतल्या आत रक्त साकळून गाठ होते. वर अंगदुखीचं म्हणून डायक्लोफेनॅक दिलं तर रक्तस्राव वाढायचा धोका. ताप कसला हे कळायच्या आधी सुई घेणं म्हणजे अंधारात उडी मारणं. आधी रक्त तपासा. मलेरियाची चाचणी आशाताईंकडे होते, सरकारी दवाखान्यात होते, पैसे लागत नाहीत. मलेरिया निघाला तर त्याच्याही गोळ्या आहेत, आणि त्या पूर्ण संपवा.

किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यातल्या माझ्या गोंड, कोलाम, परधान, आंध भावंडांना एक वेगळी विनंती. आपल्यात सिकलसेल आहे. या आजारात रक्ताच्या लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचं रक्त तुटलं तर तो हळूहळू सडतो, आणि पोरगं विशीच्या आतच लंगडू लागतं. अशा मुलाला दर दुखण्याला कुल्ल्यावर सुई मिळत राहिली तर खरा आजार कधी पुढे येणारच नाही. मूल वारंवार खुबा, गुडघा, पाठ दुखते म्हणत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, तर त्याची सिकलसेल चाचणी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची त्यासाठी मोठी मोहीम सुरू आहे. लाजू नका, लग्न मोडेल म्हणून लपवू नका.

सुईचा दुसरा घात संथ असतो, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच कुल्ल्यावर वारंवार सुया पडल्या तर आतलं मांस मरून तिथे दोरखंडासारखा कडक पट्टा तयार होतो. मुलाला गुडघे जुळवून उकिडवं बसता येत नाही. मांड्या फाकवूनच बसावं लागतं, चालही फेंगडी होते. चीनमध्ये एका काळात अशी असंख्य मुलं सापडली. तिथे सुई दुखू नये म्हणून पेनिसिलीन बेंझाइल अल्कोहोलमध्ये कालवून टोचत होते, आणि दुखणं वाचवायला म्हणून घातलेल्या त्याच द्रवानं मांस जाळलं. युगांडात मलेरियाच्या क्विनाइनच्या सुयांनी हेच घडलं, शेकडो मुलांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. आपल्याकडे शेतात, चुलीपुढे, पंगतीत, शौचाला, सगळीकडे उकिडवं बसावं लागतं. अशा मुलाचं आयुष्य कसं जाईल, तुम्हीच विचार करा. निंदणीला कोण बोलावेल? कापूस वेचायला कोण नेईल? ज्या घरात हातपाय हीच इस्टेट आहे, तिथे ही सुई इस्टेट विकून जाते.

आणि सुई उकळून, धुऊन, पुन्हा वापरलेली असेल तर? गुजरातेत मोडासा भागात २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यानं हिपॅटायटिस बीची साथ उसळली आणि कितीतरी माणसं मेली. ती माणसंही तुमच्यासारखीच साध्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेली होती. म्हणून सुई घ्यावीच लागली तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. जुनी सिरिंज दिसली तर उठून चालू लागा. भीड धरू नका.

कुणी म्हणेल, हे सुईच्याच विरुद्ध बोलतायत. तसं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, आणि जंतुसंसर्गानं मरायला टेकलेल्या तान्ह्या बाळांना त्याच बायकांनी घरी जाऊन जेंटामायसिनची सुई दिली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचं जगानं बघितलं. फार न शिकलेली बाईसुद्धा नीट शिकवलं तर सुई नीट देते, आणि फक्त गरज असेल तेव्हाच देते. बाळंतपणात झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटची सुई दोन्ही कुल्ल्यांत खोल द्यावी लागते, ती जीव वाचवते. संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीन द्यावंच लागतं, ते चुकवू नका. साप चावला तर प्रतिविष शिरेतूनच द्यावं लागतं, तिथे दवाखाना गाठायला एक क्षण दवडू नका. गरजेच्या सुईला नाही म्हणणं हाही घातच.

म्हणून दवाखान्यात तीनच गोष्टी विचारा. सुई कशासाठी? गोळीनं भागणार नाही का? आणि कुठे टोचणार? चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण सुईसाठी हटून बसणाऱ्या गिऱ्हाइकांनी तोही कंटाळलेला असतो. मोठ्या माणसाला कुल्ल्यावर सुई द्यायचीच असेल तर झोपवून द्यायला सांगा, उभ्यानं नको. कपडा पूर्ण बाजूला करा. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा, त्यातला वरचा-बाहेरचा तेवढा त्यातल्या त्यात बरा. त्याहून चांगली जागा खुब्याच्या बाजूला आहे. खुब्याच्या बाहेरच्या टोकावर तळवा ठेवायचा, एक बोट पोटाकडच्या हाडाच्या टोकाकडे, दुसरं कमरेच्या कडेकडे ताणायचं, आणि त्या दोन बोटांच्या बेचक्यात सुई द्यायची. तिथून सायटिक नस लांब असते. सिस्टरना, डॉक्टरांना ही जागा शिकवलेली असते. घाईत वापरत नाहीत एवढंच. तुम्ही विचारलंत तर वापरतील.

आता ज्यांच्या घरात हे आधीच घडलं आहे, त्यांच्यासाठी. सुई टोचल्याबरोबर पायात वीज चमकली, मूल अचानक किंचाळलं, नंतर पंजा उचलेना, पाय बधिर झाला, तर एक दिवसही वाट बघू नका. कुल्ला चोळू नका. शेकू नका, बधिर कातडी भाजली तर मुलाला कळणारही नाही. तेलवाल्याकडे, हाडवैद्याकडे नेऊ नका. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या, तिथून सांगितलं तर नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. पंजा काटकोनात धरून ठेवणारी पट्टी लावून देतील, ती काढून टाकू नका. नाहीतर टाच वर ओढली जाऊन तशीच आखडते, आणि उद्या नस बरी झाली तरी पाऊल टेकत नाही. व्यायाम शिकवतील, ते रोज घरी करून घ्या, आजीला शिकवा, मोठ्या बहिणीला शिकवा. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कुल्ल्यापासून पंजापर्यंत पोचायला महिने लागतात. धीर सोडू नका, तारीख चुकवू नका. काही महिन्यांत नस जागी होत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार वेळेत करावा लागतो, आणि ती वेळ एकदा गेली की गेली.

आणखी एक. पंधरा वर्षांच्या आतल्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला तर आशाताईंना, सिस्टरना त्याच दिवशी कळवा. पोलिओच्या काळात ताप आलेल्या मुलाला सुई टोचली आणि नेमका तोच पाय गेला, असं या देशात कितीतरी घरांत झालं. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई पडली तर त्याच पायाला लकवा बसायचा धोका वाढतो. भारतातला पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला, २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी लुळ्या पायाची प्रत्येक बातमी आजही तपासली जाते. तुमच्या मुलाची विष्ठा तपासायला नेतील, तेव्हा घाबरू नका, नकार देऊ नका. तपासणीत सुईचीच इजा आहे असं निघालं, तरी त्याची नोंद होते. आणि नोंद झाली तरच कोणत्या गावात कोण टोचतंय हे समोर येतं.

शेवटी, टोचणाऱ्यांबद्दल. मोटारसायकलला पिशवी अडकवून वाडी-तांड्यावर फिरणाऱ्याला नावानं ओळखता, तो उधारीवर देतो, रात्री येतो, गोड बोलतो, हे सगळं कबूल. सरकारी दवाखाना लांब, डॉक्टर कधी असतात कधी नसतात, हेही खरं. याबद्दल जरूर भांडा, तालुक्याला जाऊन भांडा. पण वैद्यकीय परिषदेची नोंदणी नसलेल्या माणसाच्या हातात लेकराचा कुल्ला देऊ नका. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यकीय व्यवसायी कायद्याच्या कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणं गुन्हा आहे. बोगस डॉक्टरांचा शोध घ्यायला जिल्ह्यात सरकारी समिती आहे. तक्रार करता येते. आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४ वर फोन लागतो, रात्रीही.

सरपंच, ग्रामसेवक, गुरुजी, अंगणवाडीताई, बचत गटाच्या बायांनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पंचायतीच्या फलकावर गावात औषध देणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायला लावा. ज्याच्या नावापुढे क्रमांक नसेल, त्याला भर सभेत विचारा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा, आणि गावातल्या तरण्या आया-बापांना पुढे बसवून त्यांच्याकडून मांडीवर सुईची जागा कुठे, हे बोट ठेवून दाखवून घ्या. औषधांच्या दुकानदारांनो, तुम्हीही या. चिठ्ठीशिवाय इंजेक्शन विकणार नाही, एवढं त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा.

आणि आज रात्री कुणाच्या घरी लेकरू तापलं असेल तर अंगावरची पांघरुणं काढा, कोमट पाण्यानं अंग पुसा, पाणी, पेज, अंगावरचं दूध देत राहा, पॅरासिटामोल मोजून पाजा. मूल गुंगीत गेलं, काही पीत नसेल, झटके आले, श्वास जोरात चालू झाला, अंगावर लाल ठिपके उठले किंवा ताप तीन दिवसांवर गेला, तर सकाळची वाट बघू नका, तडक मोठा दवाखाना गाठा. तिथे पोचल्यावर विचारा: सुई कशासाठी, गोळीनं भागणार नाही का, कुठे टोचणार?